पाणी पाहावयास आलेला पाहुणा

इ. स. ६७१ मध्यें इत्सिंग नांवाचा एक चिनी भिक्षु कँटन बंदरांत गलबतावर चढला आणि समुद्रमार्गानें हिंदुस्थानास आला. नालंदेच्या महाविहारांत तो सुमारें दहा वर्षें राहिला. तेथें त्यानें शास्त्रें अभ्यासिलीं व ग्रंथ उतरून घेतले. परंतु मायदेशीं जें वृत्त त्यानें लिहून पाठविलें, त्यांत तत्त्वचर्चेपेक्षां दिनचर्येचाच भाग मोठा आहे. भिक्षूंनीं दोन पाणपात्रें ठेवावीं, एक शुद्ध पाण्याचें व एक वापरावयाचें. सकाळीं उठल्यावर प्रथम पाणी तपासावें. स्वच्छ पात्रांत थोडें घेऊन त्यांत सूक्ष्म जंतु हालतात कीं काय हें वांकून, स्थिर दृष्टीनें पाहावें. आढळल्यास रेशमी वस्त्रानें गाळावें. घागरीचें, विहिरीचें, तळ्याचें, नदीचें अशा प्रत्येक पाण्याची तपासणी निराळी. हें सारें त्यानें आपल्या देशबांधवांसाठीं बारकाईनें टिपून ठेविलें. त्याचा हेतु जीवहिंसा टाळण्याचा होता, रोग टाळण्याचा नव्हता, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तथापि परदेशांत जाऊन तेथील पाण्याची पाहणी शिकणारा चिनी विद्यार्थी म्हणून त्याचें स्मरण करण्यास हरकत नसावी. आपल्या आज्या-पणज्या सोंवळ्याचा हंडा आणि वापरण्याची बादली यांत जो भेद करीत, तो पाहून इत्सिंगाला परकें वाटलें नसतें.

हें आठवण्याचें कारण असें कीं, चीनचे सार्वजनिक आरोग्याचे अधिकारी आजही याच कामासाठीं परदेशीं जातात. त्यांच्या विषयाचें नांव मात्र भारदस्त झालें आहे : पर्यावरणीय आरोग्य-निरीक्षण. सोप्या भाषेंत सांगावयाचें तर हवा, पाणी व जमीन यांत काय मिसळत आहे, तें माणसाच्या शरीरांत किती जात आहे, आणि त्यामुळें कोणते आजार वाढत आहेत, या तीन गोष्टींची अखंड नोंद ठेवणें, त्या एकमेकींशीं ताडून पाहणें, आणि धोका दिसतांच संबंधितांस जागें करणें. यांतील पहिली नोंद एका कचेरींत, तिसरी दुसऱ्या कचेरींत आणि दुसरी कोठेंच नाहीं, अशी स्थिति बहुतेक देशांत असते. ती कशी सुधारावी हेंच शिकावयाचें असतें.

कल्पना नवी नाहीं. चरकसंहितेच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसाचा एक अध्याय आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस कांपिल्य नगराजवळ गंगेच्या तीरावरून फिरत असतां पुनर्वसु आत्रेय आपल्या शिष्याला, अग्निवेशाला, येऊं घातलेल्या साथीविषयीं सांगत आहेत. शिष्याची शंका मार्मिक आहे : माणसांच्या प्रकृति निराळ्या, आहार निराळा, वयें निराळीं, मग एकाच वेळीं एकाच रोगानें सारा मुलूख कसा ओस पडतो? गुरूंचें उत्तर असें कीं, बाकी सारें भिन्न असलें तरी वायु, जल, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांस सामाईक आहेत. त्या बिघडल्या कीं सर्वच बिघडतात. बिघडलेलें पाणी ओळखण्याचीं लक्षणेंही ते देतात. त्याचा वास, रंग, चव व स्पर्श विकृत होतात. जलचर क्षीण होतात. पक्षी तें सोडून जातात. पक्षी सोडून जाणें हें लक्षण मला विशेष वाटतें. माणसाला कळण्यापूर्वीं मुक्या प्राण्याला कळतें, हें त्यांत गृहीत आहे.

हेंच तत्त्व मुंबईंत एका विलक्षण रीतीनें उपयोगांत आलें. १८९४ मध्यें हाँगकाँगला हाहाकार उडविणारा प्लेग १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ओळखला. पुढील दोनतीन दशकांत या रोगानें देशांतील एक कोटीच्या आसपास माणसें नेलीं. डॉ. हाफकिन यांनीं लस शोधून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु रोग पसरतो कसा, हें कोडें त्यामुळें सुटलें नव्हतें. १८९८ मध्यें कराचीस सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें पिसवेवर बोट ठेविलें, पण त्याला हंसणारेच पुष्कळ निघाले. मग परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधील प्रयोगशाळेंत डॉ. लिस्टन व १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाचे इतर डॉक्टर यांनीं गिनिपिग हा गरीब प्राणी पहारेकरी म्हणून नेमला. प्लेग होऊन गेलेल्या खोल्यांत गिनिपिग मोकळे सोडले, तेव्हां त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या आणि ते प्लेगनें मेले. बारीक जाळीच्या पिंजऱ्यांत ठेविलेले जगले. पिंजरा जमिनीलगत टांगला तर प्राणी मरे; पिसवेच्या उडीच्या टप्प्याबाहेर उंच टांगला तर वांचे. म्हणजे दोष खोलींतील हवेचा नव्हे, पिसवेचा. इतकी निर्मळ युक्ति मीं शास्त्राच्या इतिहासांत फार थोडी वाचली आहे. तोंपर्यंत सरकार लोकांचीं छपरें उघडीत होतें, सामान जाळीत होतें, आणि घरांत शिरून जो संताप ओढवून घेत होतें त्याचा इतिहास पुण्याच्या वाचकांस सांगावयास नको.

ही विद्या चीनमध्यें गेली ती मांचुरियांतील महामारीच्या निमित्तानें. १९१० च्या अखेरीस हार्बिन शहरीं माणसें धडाधड मरूं लागलीं. केंब्रिजला शिकलेला, पेनांगमध्यें जन्मलेला तरुण चिनी डॉक्टर वू ल्येन-ते तेथें पाठविण्यांत आला. ‘प्लेग म्हणजे उंदीर’ हा मुंबईचा धडा तोंवर जगभर पाठ झाला होता. वू यांनीं उंदीर तपासले. त्यांत प्लेग सांपडेना. शवविच्छेदन केलें, तेव्हां रोग फुप्फुसांत दिसला. हा रोग पिसवेनें नव्हे, खोकल्यानें माणसाकडून माणसाकडे जात आहे, असें त्यांनीं सांगितलें आणि कापूस घातलेल्या जाळीदार कापडाच्या पट्ट्या तोंडास बांधण्याचा आग्रह धरला. मेस्नी नांवाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरानें तो मानला नाहीं. थोड्याच दिवसांत तो प्लेगनें दगावला. सुमारें साठ हजार माणसें मेल्यावर साथ आटोक्यांत आली. एप्रिल १९११ मध्यें मुकदेन येथें अकरा राष्ट्रांची परिषद भरली. अध्यक्षपद वू यांच्याकडे होतें, जपानकडून कितासातो आले होते, आणि ब्रिटिश प्रतिनिधींत मुंबईच्या प्लेग संशोधनांत काम केलेले डॉ. पेट्री होते. शिकविणारे व शिकणारे येथें एका मेजाभोंवतीं बसले, आणि कोण कोणाकडून शिकला हें सांगणें कठीण झालें. मुंबईचें उत्तर हार्बिनला लागू पडलें नाहीं. मुंबईची रीत मात्र पडली : आधीं पाहा, मग ठरवा.

दोन देशांमधला हा प्रवास उलट दिशेनेंही झाला आहे. १९३८ मध्यें डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखालीं जें पांच डॉक्टरांचें पथक चीनला गेलें त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीसांनीं ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच देह ठेविला. त्यांची कथा घरोघर माहीत असल्यामुळें येथें विस्तार करीत नाहीं.

अलीकडे या विद्येचीं मोठीं गुरुकुलें अमेरिकेंत आहेत. तेथें १९५१ मध्यें लँगम्यूर यांनीं तरुण डॉक्टरांस साथीच्या ठिकाणींच नेऊन शिकविण्याची जी पद्धत घातली, तिच्याच धर्तीवर २००१ सालीं चीननें आणि त्याच सालीं आपल्या चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेनें शिक्षणक्रम सुरू केले. सहाध्यायीच म्हणावयाचे! पण पुढील वाट निराळी झाली. चीनमधील ह्वाय नदी कागदाच्या व कातड्याच्या कारखान्यांनीं काळवंडली होती, आणि तिच्या कांठचीं गांवें कर्करोगासाठीं कुप्रसिद्ध झालीं होतीं. चीनच्या रोगनियंत्रण केंद्रांतील यांग गोंगह्वान या विदुषीनें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नदीच्या प्रदूषणाचे नकाशे व मृत्यूंच्या नोंदींचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिले. जेथें पाणी दीर्घकाळ व अधिक बिघडलें, तेथेंच पचनसंस्थेच्या कर्करोगाचे मृत्यु झपाट्यानें वाढलेले दिसले. २०१३ मध्यें हें काम ग्रंथरूपानें छापून निघालें.

अर्थात् सारेंच गोड नाहीं. १३ नोव्हेंबर २००५ रोजीं जीलिन येथील रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन सुमारें शंभर टन विषारी द्रव्य सोंगह्वा नदींत गेलें. प्रवाहाच्या खालच्या अंगास तेंच वू ल्येन-ते यांचें हार्बिन. तेथील नागरिकांस प्रथम सांगण्यांत आलें कीं नळांच्या दुरुस्तीसाठीं पाणी बंद राहील. खरें कारण दुसऱ्या दिवशीं बाहेर आलें. चार दिवस लाखों लोकांचें पाणी तुटलें. नोंद होती, ती लपविली गेली. न सांगितलेली नोंद कोणाच्या उपयोगाची?

आतां आपल्या नदीकडे येतों. असा एखादा चिनी आरोग्याधिकारी उद्यां मुंबईस उतरला तर मीं त्याला प्रथम अंबरनाथच्या शिवालयापाशीं नेईन. शके ९८२ चा शिलालेख असलेलें, शिलाहार मुम्मुणिराजाच्या काळीं पूर्ण झालेलें हें मंदिर वालधुनीच्या कांठीं उभें आहे. अंबरनाथजवळच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी काकोळ्याच्या जुन्या रेल्वे तलावापर्यंत निर्मळ असते. पुढें अंबरनाथची औद्योगिक वसाहत, मग उल्हासनगर, मग कल्याण. ज्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सुमारें लाखभर सिंधी निर्वासित आले व जिला ८ ऑगस्ट १९४९ रोजीं उल्हासनगर हें नांव मिळालें, त्या वसाहतीनें शून्यांतून संसार उभे केले. त्यांच्या उद्यमशीलतेविषयीं मला आदरच आहे. परंतु कपडा रंगविणें व धुणें, छोटीं रसायनें, आणि साऱ्या गांवाचें सांडपाणी, हें सर्व सोसण्याची ताकद एवढ्याशा नदींत नव्हती. तिचें पाणी कोणत्या रंगाचें आहे यावरून आज कोणत्या रंगाचें काम चाललें आहे हें लोक ओळखीत. नोव्हेंबर २०१४ मध्यें टँकरनें आणून ओतलेल्या रसायनाच्या वाफांनीं कांठच्या वस्तींतील शेकडो माणसांस रात्रींतून श्वास कोंडून, मळमळून रुग्णालयें गांठावीं लागलीं.

वालधुनीचें पाणी कोणी पीत नाहीं, उल्हासचें पितात. राजमाचीच्या परिसरांतून निघून कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करणारी ही नदी व तिला मिळणारी बारवी यांच्यावर आपल्या तिन्ही गांवांबरोबर ठाणें, भिवंडी, कल्याण-डोंबिवलीपर्यंतचीं घरें अवलंबून आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादींत तिचा मोहने ते बदलापूर हा पट्टा प्रदूषित म्हणून नोंदला गेला. ‘वनशक्ति’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ मध्यें दंडाचा हुकूमही केला. पाण्याचें मोजमाप होत नाहीं असें नाहीं. नमुना २७ अंश उष्णतेंत तीन दिवस ठेवून त्यांतील घाण किती प्राणवायु खाते तें पाहतात. लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत असल्यास स्नानायोग्य. म्हणजे नदीची नाडी पाहिली जाते. तिच्या कांठच्या माणसाची कोण पाहतो?

येथें मला स्वतःविषयीं चार शब्द लिहावे लागतात. मीं शिक्षक असतांना हजेरीपटांत गैरहजेरीच्या खुणेशेजारीं कारण लिहिण्याची मला खोड होती : ‘लग्न’, ‘ताप’, ‘गांवीं’. कांहीं वर्षांनीं ध्यानांत आलें कीं रात्रीं उग्र वास सुटला कीं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं एकाच वस्तीचीं मुलें गैरहजर असत आणि कारणांत ‘डोळे चुरचुरणें’, ‘खोकला’, ‘दम’ हे शब्द पुनःपुन्हा येत. मीं शास्त्रज्ञ नाहीं. पावसाळी सर्दी, घरांतील धूर, मुलांच्या थापा, सारें त्यांत मिसळलेलें असणारच. तीस-चाळीस मुलांवरून सिद्धांत निघत नाहीं हें मला कळतें. पण अशा पन्नास शाळांचे पट, दवाखान्यांचीं रोजचीं टिपणें व नदीच्या नमुन्यांच्या तारखा कोणी एकत्र मांडल्या असत्या, तर यांग बाईंनीं मोठ्या प्रमाणावर जें केलें तें येथें लहान प्रमाणावर झालें असतें. त्यास यंत्रें लागत नाहींत. रेघा आंखलेली वही आणि ती मागणारा माणूस लागतो.

एकदां मीं ते पट घेऊन एका कचेरींत गेलों होतों. तेथील गृहस्थांनीं आदरानें बसविलें, चहा दिला, आणि शाळेचे पट हा आपल्या खात्याचा विषय नसल्याचें सांगितलें. त्यांचें चुकलें असें म्हणवत नाहीं. त्यांच्या खात्यांत खरोखरच तसा रकाना नव्हता.

मुदत संपल्यावर जुने पट रद्दींत जातात. माझ्या वर्गाचे गेले त्याच्या आदल्या आठवड्यांत मीं सहा वर्षांचे ते रकाने एका दोनशे पानी वहींत उतरून घेतले : तारीख, वस्ती, कारण, आणि शेवटीं त्या रात्रीं वास होता कीं नव्हता. सुनेनें विचारलें, “मामंजी, हें आतां कोणाला दाखवायचं?” मीं वही खणांत ठेवली आहे. इत्सिंगाच्या देशाचा नाहीं तर आपल्या देशाचा कोणी आला, तरी चालेल.