बदके कमी झाली की हलली?

पूर्वी बदकांचा शिकारी आदल्या दिवशीच तळ्याची पाहणी करी. पक्षी कुठे चरतात, कुठे विसावतात, हे ठाऊक असल्याशिवाय बंदुकीचा उपयोग नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवानेही संपवले. पाहणीचे ते कौशल्य मात्र आज पक्षिगणनेला हवे आहे.

खान्देशातील हतनूर जलाशयाचे उदाहरण घेऊ. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले तलवार बदक शेपटी वर करून, डोके पाण्यात घालून तळाचे खाद्य टिपते. त्यामुळे ते उथळ काठाशी आढळते. शेंड्या बदक बुडी मारते, म्हणून खोल पाण्यातही चरते. त्याचे पाय शरीराच्या मागच्या बाजूस असतात. बुडी मारायला ते सोयीचे. पण उडताना त्याला पाण्यावर धावावे लागते. तलवार बदक मात्र जागच्या जागी उसळी घेते.

हिवाळा सरतो तसे पाणी उतरते आणि उथळ काठ आत सरकतो. त्याबरोबर पक्षीही सरकतात. एकाच जागेवरून मोजणाऱ्याला ते ‘कमी झालेले’ दिसतात. म्हणून कोणतीही पक्षिनोंद हाती आली की आम्ही प्रथम विचारतो : त्या दिवशी पाणी किती होते?

जळगावच्या मेहरूण किंवा धुळ्याच्या नकाणे तलावावर विद्यार्थ्यांनी दर पंधरवड्याला तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि पक्ष्यांची संख्या लिहावी. अशी वही दहा वर्षे चालली, तर पक्षी खरोखर घटले की नुसते हलले, याचे उत्तर शाळाच देऊ शकेल.