गुणवत्ता होतीच, नियम आडवे आले

१८७० साली एडिनबरा विद्यापीठात रसायनशास्त्राच्या परीक्षेचा निकाल लागला. पहिल्यांदाच परीक्षेला बसलेल्यांमध्ये एडिथ पेची यांना सर्वांत जास्त गुण होते. रीतीप्रमाणे होप शिष्यवृत्ती त्यांचीच. ती दिली गेली त्यांच्या मागे असलेल्या एका पुरुष विद्यार्थ्याला. कारण काय, तर बायकांचा वर्ग वेगळा भरतो, म्हणून त्या मूळ वर्गात धरता येत नाहीत. आणि तो वर्ग वेगळा भरवण्याचा आग्रह विद्यापीठाचाच! त्याच वर्षी नोव्हेंबरात शरीररचनेच्या परीक्षेला आलेल्या या विद्यार्थिनींवर सर्जन्स हॉलच्या दाराशी जमावाने चिखल फेकला. १८७३ मध्ये न्यायालयानेही विद्यापीठाची बाजू उचलून धरली आणि पदवीची आशा संपली.

वैद्यकीय शिक्षणातल्या स्त्रियांचा मागोवा घेताना सुरुवात इथून करावीशी वाटते, कारण ‘हुशारी असेल तर बाई वर येतेच’ हा समज इथेच खोटा ठरतो. पेचींची हुशारी गुणपत्रिकेत नोंदलेली होती. त्यांची अडचण दूर झाली ती १८७६ च्या कायद्यामुळे. त्याने परीक्षामंडळांना स्त्रियांना परवाना देण्याची मुभा दिली, आयर्लंडच्या मंडळाने ती वापरली आणि १८७७ मध्ये पेची रीतसर डॉक्टर झाल्या.

१८८३ च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या. ग्रँट मेडिकल कॉलेजचे वर्ग त्याच सुमारास मुलींना खुले झाले होते. पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झालं. त्याचा कारभार स्त्री डॉक्टरांच्याच हाती राहील, असं आधीच ठरलेलं होतं. जबाबदारीच्या पदावर बाई बसली ती या अटीमुळे. पुढे पेची मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवरही गेल्या.

याच १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियात एम.डी. झाल्या. त्यांच्या कॉलेजच्या अधिष्ठाता रेचल बॉडली या स्वतः एक बाई होत्या. शिकवणारी, कॉलेज चालवणारी बाई आनंदीबाईंना रोज दिसत होती. आपल्याकडच्या विद्यार्थिनींना असं दृश्य दिसायला फार काळ जावा लागला.

कामा रुग्णालयाच्या अटीने दार उघडलं, पण त्याच दाराने एक कुंपणही घातलं. बायकांनी बायकांना तपासावं, या विचारातून डॉक्टर स्त्रीची जागा बाळंतपणाच्या वॉर्डात ठरून गेली. त्यातही वरची पदं बहुधा इंग्रज बायकांकडे. ग्रँट मेडिकलमध्ये शिकून लंडनची एम.डी. मिळवलेल्या डॉ. जेरुशा झिराड १९२८ मध्ये कामाच्या पहिल्या भारतीय प्रमुख झाल्या. रुग्णालय सुरू होऊन तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती.

कुंपणाबाहेरची पदं आणखी उशिरा आली. क्ष-किरण विभागाच्या डॉ. स्नेह भार्गव १९८४ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संचालक झाल्या. १९५६ पासून आजवर त्या पदावर आलेल्या त्या एकट्याच बाई. बालशल्यविशारद डॉ. स्नेहलता देशमुख शीवच्या लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता होत्या. जिथे पेची सिनेटवर होत्या, त्याच मुंबई विद्यापीठाच्या त्या १९९५ मध्ये कुलगुरू झाल्या. या दोघींचा अभिमान वाटतोच. पण अशी नावं अजून बोटांवर मोजता येतात, याचं वाईटही वाटतं.

आज कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात जा, पहिल्या वर्षाच्या बाकांवर मुली भरपूर दिसतील. सर्जरी किंवा ऑर्थोच्या युनिटमध्ये जा, त्या विरळ होत जातात. पीजीची वर्षं आणि बाळंतपणाचं वय एकत्र येतं. रजा घेतली की अभ्यासक्रम तितकाच लांबतो, वरिष्ठ निवासीपद पुढे ढकललं जातं, व्याख्यातापदाची जाहिरात येते तेव्हा अनुभवाचे महिने कमी पडतात. तिला कुणी ‘नको’ म्हणत नाही, पण बढतीचा हिशेब तिच्या विरोधात जातो. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात एका निवासी डॉक्टरचा ड्युटीवर असताना बलात्कार करून खून झाला. ती विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती. रात्रपाळीच्या डॉक्टरला कडी लावून पडता येईल अशी खोली देणं हीसुद्धा समानतेचीच बाब आहे, हे देशाला एका मृत्यूनंतर मान्य करावं लागलं.

एडिनबरा विद्यापीठाने पेची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१९ मध्ये मरणोत्तर पदव्या दिल्या. प्रवेशापासून दीडशे वर्षांनी मिळालेल्या त्या पदवीचा त्यांना काय उपयोग? मान उशिरा देण्याची हौस आपण तरी करू नये. बाळंतपणाच्या रजेने ज्येष्ठता घटू नये, निवड समितीत स्त्री प्राध्यापक असाव्यात, बढतीचे निकष आधी जाहीर व्हावेत, प्रत्येक वॉर्डाजवळ सुरक्षित विश्रांतीची खोली असावी. यातलं काहीही अवघड नाही. पेचींपासून झिराडांपर्यंत कुणाच्याही हुशारीत खोट नव्हती. बदलायचे होते ते नियम, आणि आज ते बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांनी तो वापरावा.