नेणार कोण?

पाळणाघराचा प्रवेश अर्ज शाळेच्या अर्जासारखाच दिसतो, पण भरायला बसलं की वेळ जातो. नाव, जन्मतारीख, पत्ता, आधार एवढ्यावर शाळा मोकळी होते. पाळणाघराला मात्र बरंच काही कळावं लागतं. बाळ दूध बाटलीनं पितं की वाटी-चमच्यानं, शी लागली तर सांगतं का, अंडं चालतं का, तापात झटके येतात का, घरी कोणती भाषा बोलतात, रडलं तर कशानं गप्प होतं. ही माहिती कुठल्याच दाखल्यावर नसते. ती आईच्या डोक्यात असते आणि तिथून ती सावकाश काढून घ्यावी लागते.

रबाळ्यात नव्यानं सुरू होणाऱ्या एका पाळणाघरात प्रवेशाच्या दिवसांत मी टेबलाशी अर्ज भरून द्यायला बसत होते. संस्था लहान आहे. दोन खोल्या, एक मोरी, भिंतीवर नुकताच दिलेला पिवळा रंग. दारात चपलांचा ढीग आणि आत आयांची गर्दी. बहुतेक जणी कामावरून परस्पर आलेल्या, गळ्यात गेटपास तसाच.

रबाळे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याच्या जोडीनं जाणारी रेल्वे यांनी या भागाचे दोन तुकडे केले आहेत. डोंगराच्या अंगाला एमआयडीसी आणि कारखान्यांना खेटून वाढलेल्या वस्त्या. खाडीच्या अंगाला मूळ आगरी-कोळ्यांची गावं आणि सिडकोनं आखलेल्या वसाहती. 2004 मध्ये ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली आणि ऐरोली, रबाळे, घणसोली ही गावं स्टेशनांची नावं झाली. आता कारखान्यांच्या शेजारी डेटा सेंटरंही उभी आहेत. पण आमच्या टेबलाशी आलेल्या बायका कुठे काम करत होत्या? पॅकिंग लाइनवर, शिलाईच्या युनिटमध्ये, हाउसकीपिंगला आणि सोसायट्यांमधल्या घरकामाला.

कागदपत्रांत पहिला अडथळा लसीकरण कार्डाचा. जन्म माहेरी झालेला असतो, त्यामुळे कार्ड जालन्याला, बीडला किंवा उत्तर प्रदेशात राहिलेलं. मग गावी फोन लागतो. कुणी भाचा पत्र्याच्या पेटीतून कार्ड काढून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. फोटोत अर्धं कार्ड अंगठ्याखाली. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो. स्थलांतरात हा दुसराच नेमका निसटतो. एका खोलीत वीसेक मुलं दिवसभर राहणार म्हटल्यावर त्यात सूट देता येत नाही. अर्ज बाजूला ठेवायचा आणि आईला महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्राचा वार सांगायचा. यात नकाराची भावना येऊ न देणं हे खरं कौशल्य. शेजारी बसणाऱ्या ताईंना ते छान जमत होतं. त्या म्हणायच्या, “नाव लिहून घेतलंय हं, जागा धरलीय. फक्त सुई टोचून आणा.”

मग येतो कामाच्या ठिकाणाचा रकाना. “कंपनीचं नाव?” विचारलं की आई ठेकेदाराचं नाव सांगते. कंपनी कोणती ते तिला ठाऊक असतं, पण हजेरी ठेकेदाराच्या वहीत पडते. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण पाळणाघराचा कायदा इथंच अडकतो. 1948 च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद पहिल्यापासून होती. सुरुवातीला पन्नासपेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तर ती लागू व्हायची. 1976 च्या दुरुस्तीनं हा आकडा तीसवर आला. हेतू चांगला होता, पण मोजणी बायकांची होती. म्हणजे एकतिसावी बाई कामावर घेतली की पाळणाघराचा खर्च मालकाच्या माथी. अशा हिशेबात बायकाच कमी घेणं सोपं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यात पन्नास कर्मचाऱ्यांची अट आली, पुरुष-स्त्री सगळे धरून. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभाही त्यात होती. मार्गदर्शक सूचनांत पाळणाघर कामाच्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत असावं आणि दर मुलामागं दहा-बारा चौरस फूट जागा असावी, असं म्हटलं होतं. माझ्या मते ही मोजणी बदलली हीच त्या दुरुस्तीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. तरी ठेकेदाराच्या वहीतली बाई कोणाच्या पन्नासात धरायची, हा वाद उरतोच. आणि आमच्या टेबलाशी आलेल्या कितीतरी जणींच्या युनिटमध्ये मुळात पन्नास माणसंच नसतात. घरकाम करणारीला तर असा आकडाच नाही.

एक मुलगी वेगळ्या कारणानं आली होती. तिचं बी.एड. चालू होतं आणि तिच्या कॉलेजात मुलाला ठेवायची सोय नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाची विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या पाळणाघरांसाठी एक योजना होती. तीन महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांसाठी, आणि फक्त प्राध्यापक-कर्मचाऱ्यांच्याच नव्हे, तर विद्यार्थिनी आणि संशोधकांच्या मुलांसाठीही. शिकणारी बाई आईही असते, हे निदान कागदावर कुणी तरी मान्य केलं होतं. या मुलीचं मूल मात्र आमच्याकडेच आलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शेवटच्या रकान्यावर. मुलाला न्यायला कोण येणार? दोन प्रौढ माणसांची नावं, फोटो आणि फोन नंबर हवेत. ज्याचा फोटो नाही त्याच्या हाती मूल द्यायचं नाही, हा नियम. इथं आया थांबायच्या. नवरा दुसऱ्या पाळीत. सासू गावी. शेजारीण आहे, पण तिच्याशी पाण्यावरून परवाच भांडण झालेलं. मग दबक्या आवाजात उत्तर यायचं, “याची मोठी बहीण येईल की.” बहीण मागंच उभी असते. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, वय नऊ किंवा दहा.

“ताई, लेकरू तिच्याजवळच तर वाढलंय,” एक आई म्हणाली. ते खरंच होतं. आजवरचं पाळणाघर तीच होती. आईची पहिली पाळी असली की तिची सकाळची शाळा बुडायची. बाळाला ताप आला की तिची परीक्षा. त्या मुलीला बाळाबद्दल सगळं माहीत होतं. अर्जातली कितीतरी उत्तरं आईऐवजी तिनंच दिली. कोणत्या कुशीवर झोपतो, बिस्किट दुधात बुडवून हवं की कोरडं, सगळं. त्यामुळे तिला नेण्याची परवानगी नाकारणं क्रूर वाटतं, आणि आया तसं बोलूनही दाखवतात. तरी माझं मत नियमाच्या बाजूनं आहे. पाळणाघरात दाखल होतो धाकटा आणि त्यातून सुटायची असते मोठी. संध्याकाळी पुन्हा तिच्याच कडेवर तो दिला, तर तिची सुटका अर्धीच राहते. त्या आईनं शेवटी शेजारणीचं नाव लिहिलं. भांडण मिटलं की नाही, ते मी विचारलं नाही.

नाव नोंदवलं म्हणजे मूल राहिलं असं नव्हे. पहिल्या दिवशी आई सोबत आणि तासभरच. मग आई दाराबाहेर. मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. झोप ही शेवटची परीक्षा. साडीच्या झोळीत वाढलेलं मूल सतरंजीवर पाठ टेकवत नाही. इथल्या मावशी अशा मुलाला पायांवर आडवं घेतात आणि पाय हलवत बसतात. झोप लागली की हलकेच खाली सरकवतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते सतरंजीवरच कलंडतं. काही आया आपली जुनी ओढणी ठेवून जातात, तिचाही उपयोग होतो. पण या रुळवण्याला आठवडा लागतो आणि आईला आठवड्याचे खाडे परवडत नाहीत. पगार जातोच, शिवाय ठेकेदार तिच्या जागी दुसरी उभी करतो. म्हणून पुष्कळ मुलं पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ ठेवली जातात आणि रडून रडून दमतात. मुलासाठी वेळ कुठे खर्ची पडायला हवा, ते सगळ्यांना कळतं. तो विकत घेण्याची ऐपत आईकडे नसते, एवढंच.

वेळेचा हा घोळ पाळणाघराच्या पाटीवरही होता. पाटीवर रंगवलं होतं, सकाळी 9 ते संध्याकाळी 6. कार्यालयात बसून ठरवलेली वेळ. अंगणवाडी तर दुपारीच मिटते. सरकारच्या पाळणा योजनेत केंद्र महिन्यातले 26 दिवस, रोज साडेसात तास चालवायचं असतं. कारखान्यातली पाळीच आठ तासांची, वर जाण्यायेण्याचा वेळ आणि कधी ओटी. साडेसात तासांत हे कसं बसवायचं? आलेल्या अर्जांवर आयांच्या कामाच्या वेळा लिहिल्यावर दिसलं की निम्म्याहून अधिक जणींना मूल सातच्या आत सोडायचं होतं. संस्थेनं दार साडेआठला उघडायचं कबूल केलं. सातच्या बायकांना साडेआठचा काय उपयोग? त्यांच्यातल्या काही अर्ज परत घेऊन गेल्या.

पाळणाघर काढू पाहणाऱ्यांना एक विनंती आहे. खोलीला रंग देण्याआधी कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहा आणि पाळ्या कधी बदलतात ते विचारून घ्या. एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांत त्या सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकरा वाजता बदलतात. पाटीवरची वेळ त्यानंतर रंगवा.