पाकिटातला जीव

मृगाच्या तोंडावर वऱ्हाडातला कास्तकार बी-भरणाची तजवीज करतो. सोयाबीनच्या थैल्या, डीएपीची पोती, तणनाशकाच्या बाटल्या. या यादीत शेवटी, आठवलंच तर, एक पाव किलोचं पाकीट येतं. आत काळसर, दमट भुकटी असते. वरून पाहिलं तर माती आणि ती भुकटी यांत फरक कळत नाही. पण नियमानुसार अशा भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. याला म्हणतात जिवाणू संवर्धक. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग अशी संवर्धकं तयार करून शेतकऱ्यांना देतो.

हे विद्यापीठ 20 ऑक्टोबर 1969 रोजी स्थापन झालं. ज्यांचं नाव त्याला दिलं ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. वैदिक वाङ्मयावर त्यांनी ऑक्सफर्डला डॉक्टरेट मिळवली, 1932 साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. आज विदर्भाचे अकराही जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. शिवार फेरीला येणारे हजारो शेतकरी इथली नवी वाणं पाहून जातात. संवर्धकाचं पाकीट मात्र पाहण्यासारखं नसतं. त्याचं काम जमिनीखाली चालतं, म्हणून त्याचं मोल लक्षात यायला वेळ लागतो.

हवेत 78 टक्के नत्र आहे, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. युरियाच्या कारखान्यात हा नत्र फोडायला चारशेहून अधिक अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. रायझोबियम गटातले जिवाणू हेच काम वावरातल्या साध्या तापमानात करतात. ते द्विदल पिकाच्या मुळात शिरतात, तिथे गाठी तयार होतात. झाड त्यांना साखर पुरवतं, जिवाणू झाडाला नत्र देतात. 1888 साली हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठींतून हे जिवाणू वेगळे काढले आणि ही देवघेव प्रयोगशाळेत अभ्यासता येऊ लागली.

प्रत्येक पिकाचा सोबती वेगळा असतो. हरभऱ्याचं संवर्धक सोयाबीनला चालत नाही. सोयाबीन तर आपल्याकडे बाहेरून आलेलं पीक. मूग, उडीद आणि ज्वारी मागे सारून ते वऱ्हाडात पसरलं, तेव्हा त्याच्या मुळांशी जुळणारे ब्रॅडिरायझोबियम जिवाणू आपल्या जमिनीत पुरेसे नव्हते. आज वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या वावरात ते स्थिरावले आहेत, त्यामुळे तिथे संवर्धकाचा फरक कमी दिसू शकतो. जिथे हे पीक पहिल्यांदा घेतलं जातं, तिथे तो सर्वाधिक दिसतो. जिवाणू कामाला लागले की नाही, हे कास्तकार स्वतः तपासू शकतो. पीक फुलावर येण्याच्या सुमारास एखादं झाड मातीसकट अलगद उपटावं, गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग असेल तर नत्र तयार होतो आहे. गाठ पांढरी किंवा हिरवट असेल तर ती निकामी समजावी.

हे पाकीट तयार करणं नाजूक काम आहे. मूळ जिवाणू आधी यीस्टचा अर्क आणि मॅनिटॉल शर्करा घातलेल्या माध्यमावर वाढवतात. माध्यमात काँगो रेड हा रंग मिसळलेला असतो. रायझोबियमच्या वसाहती तो रंग सहसा घेत नाहीत, पांढुरक्याच राहतात. लाल वसाहत उठली की भेसळीची शंका घ्यायची. शुद्धता पटली की जिवाणू द्रव माध्यमात वाढवतात. हरभऱ्याचे जिवाणू लवकर वाढतात, सोयाबीनचे सावकाश, त्यांना जवळपास आठवडा द्यावा लागतो. मग ते लिग्नाइटच्या निर्जंतुक भुकटीत मिसळतात. भुकटीत ओल कमी पडली तर जिवाणू मरतात, जास्त झाली तर नको त्या बुरशी वाढतात.

रायझोबियमच्या जोडीला स्फुरद विरघळवणारे जिवाणू असतात. आपल्या काळ्या जमिनीत चुना भरपूर. खतातून दिलेलं बरंचसं स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं आणि मुळांना मिळत नाही. हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून ते मोकळं करतात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीखालचं पाणीही खारं. तिथे टिकायचं तर जिवाणूला क्षार सोसण्याची ताकद हवी. म्हणून त्याच मातीतून काटक जिवाणू शोधणं हे संशोधनाचं खरं काम आहे.

जमिनीत शत्रूही राहतात. उभी तूर वाळते, खोड उभं चिरलं की आत काळपट रेषा दिसतात. हा मर रोग. 1910 साली बटलर यांनी त्याला कारण असलेल्या फ्यूजॅरियम उडम या बुरशीचं वर्णन केलं. ही बुरशी पिकाच्या अवशेषांत वर्षानुवर्षं टिकते. तिच्याविरुद्ध विद्यापीठ ट्रायकोडर्मा देतं. तीही बुरशीच. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालते, तिची भिंत विरघळवणारी विकरं सोडते आणि तिच्यावरच पोसते.

याच फ्यूजॅरियमचं दुसरं रूप संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात पाहायला मिळालं. तिथल्या जैवतंत्रज्ञान विभागात महेंद्र राय आणि सहकाऱ्यांनी 2008 साली रोगट आल्यातून मिळालेल्या फ्यूजॅरियम अ‍ॅक्युमिनेटमचा उपयोग करून चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार केले. बुरशीच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट घातलं की द्रव तपकिरी होतो, कण तयार झाल्याची ती खूण. हे कण माणसाला रोग देणाऱ्या जिवाणूंवर परिणामकारक ठरले. पुढच्या वर्षी त्यांनी पानांवर ठिपके पाडणाऱ्या अल्टरनेरिया बुरशीपासून मिळवलेले कण फ्लुकोनाझोल या औषधासोबत वापरले, तेव्हा रोगकारक बुरशींवर औषधाचा परिणाम वाढला. प्रतिजैविकं निष्प्रभ होत असताना अमरावतीतलं हे काम जगभरच्या संशोधकांनी वाचलं. चांदीचे कण मातीतल्या उपयुक्त जिवाणूंनाही मारू शकतात, म्हणून त्यांचा वापर जपून करण्याची गरजही तितकीच मोठी.

वावरातला दोस्त असो वा प्रयोगशाळेतला, सूक्ष्मजीव उपकारक ठरतो तो त्याला जाणून वागवलं तरच. संवर्धकाच्या बाबतीत आपण इथेच कमी पडतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांपुढे जातो. त्या दिवसांत टिनाच्या छपराखाली, खतांच्या पोत्यांशेजारी ठेवलेल्या पाकिटातले जिवाणू पेरणीआधीच मरतात. कास्तकार ते वापरतो, फरक दिसत नाही आणि पुढच्या वर्षी तो पाकीट घेणं सोडतो. चूक साठवणुकीची, बदनामी शास्त्राची.

म्हणून कृषी सेवा केंद्रांतून संवर्धकं थंड जागी ठेवण्याची सोय सक्तीची व्हायला हवी. घेणाऱ्याने अंतिम तारीख आणि पिकाचं नाव वाचावं. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. गुळाच्या थंड पाण्यात भुकटी कालवून ती बियाण्याला हलक्या हाताने चोळावी, बियाणं सावलीत सुकवावं आणि लगेच पेरावं. रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावावं, जिवाणू सगळ्यात शेवटी. एकरी 30 किलो सोयाबीनला तीन पाकिटं लागतात, म्हणजे किमान 3750 कोटी जीव. यंदाच्या पेरणीत त्यांना जिवंत वावरापर्यंत पोहोचवा.