साउथ फोर्कचं धरण : क्लबाचा तलाव आणि खालचं गाव

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात, जॉन्सटाउन या पोलादाच्या गावापासून नदीच्या वाटेनं वर सुमारे २२ किलोमीटरवर, मातीचं एक धरण होतं. उंची ७२ फूट, लांबी नऊशे फुटांच्या थोडी वर. ते राज्य सरकारनं बांधलं होतं. उन्हाळ्यात कालव्याला पाणी पुरावं, एवढाच त्यामागचा हेतू. १८५३मध्ये काम पुरं झालं तेव्हा डोंगरातून रेल्वे निघालेली होती, आणि कालव्याचे दिवस भरले होते. १८५७मध्ये रेल्वे कंपनीनं कालवा घेतला, त्यासोबत हे धरणही तिच्याकडे आलं. तिला त्याचा उपयोग नव्हता, म्हणून कुणी तिकडे पाहिलं नाही. १८६२मध्ये भराव एका जागी फुटला. तलाव तेव्हा भरलेला नव्हता, त्यामुळे निभावलं. नंतरच्या एका मालकानं तळातून जाणारे पाच बिडाचे नळ उपसून भंगारात विकले.

हे नळ म्हणजे धरणाचा विमोचक. मातीच्या धरणातून पाणी जायला दोन वाटा लागतात. सांडवा तलाव भरल्यावर जादा पाणी आपसूक काढून देतो. विमोचक मात्र माणसाच्या हातात असतो. पातळी उतरवायची, गळती शोधायची, भराव दुरुस्त करायचा, तर तो हवाच. तो नसेल तर मालकाला पाऊस थांबण्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

१८७९मध्ये बेंजामिन रफ या गृहस्थानं हे मोडकं धरण घेतलं आणि ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ उभा राहिला. पिट्सबर्गचे धनिक त्याचे सभासद झाले. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन ही त्यांतली मोठी नावं. काठावर बंगले झाले, पाण्यात शिडाच्या होड्या आल्या, मासे आणून सोडले गेले. फुटलेली घळ दगडमाती, झाडांच्या फांद्या, गवत असं मिळेल ते टाकून बुजवली. नळ पुन्हा बसवले नाहीत. दोन बग्ग्या एकमेकींना ओलांडून जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फूट छाटून रुंद केला. विकतचे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या.

यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर तिच्यात कुणाला गुन्हा दिसणार नाही. रस्ता रुंद हवा, मासे राहायला हवेत; क्लब चालवणारा माणूस हाच विचार करणार. पण मातीच्या धरणाचा जीव माथ्यात आणि सांडव्यात असतो. भरावावरून पाणी वाहू लागलं की खालच्या बाजूची माती सुटू लागते, आणि मग ती थांबवता येत नाही. माथा छाटल्यामुळे सांडव्याच्या तळापासून माथ्यापर्यंतची उंची घटली, म्हणजे सांडव्यातून जाऊ शकणारं पाणीही घटलं. उरलेल्या वाटेत जाळ्या उभ्या राहिल्या.

करमणुकीच्या तलावाची आणखी एक खोड आहे, आणि मला तीच सर्वांत धोक्याची वाटते. शेतीच्या धरणातलं पाणी उन्हाळ्यात पाटानं जातं, पावसाळ्याच्या तोंडाला तलाव रिता असतो, पुराला जागा मिळते. क्लबाचा तलाव कायम काठोकाठ हवा असतो. पाणी दोन फूट उतरलं तरी धक्क्यापाशी चिखल दिसतो, होड्या टेकतात, सभासद कुरकुरतात. म्हणजे पूर आला की त्याला आत सामावायला जवळपास जागाच नसते.

साउथ फोर्कचा धोका कुणाला दिसला नाही असं नाही. जॉन्सटाउनच्या केंब्रिया आयर्न कंपनीचे डॅनियल मॉरेल यांनी १८८०मध्ये अभियंता जॉन फुल्टन यांना तपासणीला पाठवलं. विमोचक नाही आणि दुरुस्ती कच्ची आहे, असं फुल्टन यांनी स्पष्ट लिहिलं. रफ यांनी ते धुडकावलं. गावातही दर मोठ्या पावसात धरण फुटल्याची आवई उठायची, ते फुटायचं नाही, आणि लोक निर्धास्त व्हायचे. टिकलेलं प्रत्येक वर्ष त्याच्या बळकटीचा दाखला ठरत गेलं.

३० मे १८८९च्या रात्री मुसळधार पाऊस झाला. सकाळी तलाव झपाट्यानं चढत होता, जाळ्यांत फांद्या-पाचोळा गच्च अडकला होता. मजुरांनी माथ्यावर माती चढवली, बाजूला दुसरा सांडवा खणायला घेतला. तरुण अभियंता जॉन पार्क घोड्यावरून जवळच्या साउथ फोर्क गावाला सावध करायला गेला. दुपारी तीनच्या सुमारास धरण गेलं. सुमारे तासाभरात पाण्याचा लोंढा जॉन्सटाउनवर आदळला. मृतांचा आकडा २,२०९.

माथ्यावर घाईनं माती चढवण्याचा तो प्रसंग वाचताना मराठी माणसाला पानशेत आठवतंच. १९६१च्या जुलैमध्ये तिथंही भराव खचत होता आणि जवान वाळूची पोती रचत होते. पानशेत सरकारी आणि अर्धवट बांधलेलं, साउथ फोर्क खासगी आणि जुनं. माथ्यावरून पाणी गेल्यावर मातीनं मात्र दोन्हीकडे सारखीच साथ सोडली.

क्लबावर दावे झाले, पण नुकसानभरपाईचा एकही दावा टिकला नाही. अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या समितीनं १८९१मध्ये अहवाल दिला की मूळ रचनेतही धरण वाचलं नसतं. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं हे खोडून काढलं : मूळ उंची आणि नळ असते तर ते पाणी निघून गेलं असतं. पेनसिल्वेनियात धरणांवर देखरेखीचा कायदा यायला १९१३ उजाडलं, तोही १९११मध्ये ऑस्टिन गावी कागद कारखान्याचं धरण फुटून ७८ माणसं गेल्यावर. देशपातळीवरही असंच घडलं. जॉर्जियात १९७७च्या नोव्हेंबरात टोकोआ फॉल्स इथल्या बायबल कॉलेजच्या वरचं केली बार्न्स धरण मध्यरात्रीनंतर फुटलं. पूर्वी त्यावर वीज बनायची. नंतर तो नुसता विरंगुळ्याचा तलाव उरला होता. ३९ जण गेले, आणि मगच देशभर अशा धरणांची तपासणी सुरू झाली.

आपला २०२१चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे, आणि १० ते १५ मीटरमधल्या ठरावीक धरणांना. फार्महाउसच्या ओढ्यावरचा, रिसॉर्टच्या बोटिंगचा पाच-सात मीटरचा बंधारा त्यात येत नाही. तिथं पावसाळ्यापूर्वी पाहायचं ते साधं आहे. भरावावर झाडं वाढली आहेत का, उंदीर-घुशींची बिळं आहेत का, पायथ्याशी ओल आहे का, झिरपणारं पाणी गढूळ आहे का, सांडवा मोकळा आहे का, विमोचकाची झडप फिरते का. आणि ती झडप रात्री दोन वाजता फिरवायची वेळ आली तर कोण जाणार, खाली वस्तीत फोन कोण करणार, हे मालकानं मे महिन्यातच लिहून ठेवावं आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी.