ओढतोय खरा, पण थांबवणार कोण?

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला म्हणावे, “अहो, दोन ट्रॉल्यांना हा ट्रॅक्टर लहान पडतोय,” तर उत्तर ठरलेले असते: “ओढतोय की!” आणि ते खोटेही नसते. गाळप हंगामात कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूर-नगरपर्यंत कुठल्याही रस्त्यावर उभे राहा. दोन-सव्वादोन टनांचा ट्रॅक्टर मागे आपल्या दहापट ओझे घेऊन, टेपवर गाणी लावून आरामात निघालेला असतो. सगळे गैरसमज या ‘ओढतोय की’तूनच निघतात.

सपाट डांबरी रस्त्यावर ओझे ओढायला फारशी ताकद लागत नाही. चाके गोल आहेत. एकूण वजनाच्या साधारण दोन टक्के जोर लावला की गाडी चालत राहते. म्हणजे २२ टनांच्या लवाजम्याला साडेचारशे किलोंच्या आसपास जोर पुरतो. एवढे कुठलाही ट्रॅक्टर करेल. तेव्हा ओढले, यावरून ट्रॅक्टर त्या ओझ्याला पुरेसा आहे असे ठरत नाही.

थांबवताना हिशेब बदलतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, असला तरी तो जोडलेला नसतो. अख्खा डोलारा ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी थांबवायचा. त्या चाकांची पकड त्यांच्यावर पडणाऱ्या वजनावर अवलंबून असते, मागे किती ऊस आहे यावर नाही. एक ढोबळ गणित मांडून पाहू. ट्रॅक्टर दोन टन, ट्रॉल्यांसकट ऊस २० टन, आणि हुकावरचा भार धरून मागच्या चाकांवर दोन टन. रस्ता कोरडा, ब्रेक नवेकोरे. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा नुसता ट्रॅक्टर साडेतीन-चार मीटरांत थांबेल. दोन ट्रॉल्या जोडल्या की सपाटीलाच सुमारे २० मीटर लागतील. वीस मीटर चालल्यावर एक मीटर खाली जाणारा उतार असेल, तर पन्नासच्या घरात. आणि त्याच उतारावर माती, पाचट किंवा पावसाचा शिडकावा असेल, तर आकडा अडीचशे मीटरांवर जातो. त्याआधी उतारच संपतो, नाहीतर वळण येते. यात ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही. त्या एका सेकंदात आणखी साडेपाच मीटर गेलेले असतात. बैलगाडीतला बैल तरी उतरणीला अंग मागे रेटून जू रोखून धरतो. ट्रॉली तेवढेही करत नाही, ती ढकलत राहते. ट्रॅक्टर जरा तिरपा असला, तर त्याला आडवा करून अंगावर येते.

“मग ५० ऐवजी ६० एचपीचा घ्या.” हा सल्ला फार चालतो, शोरूममध्ये तर अधिकच. एचपी म्हणजे काम किती झपाट्याने होईल याचे माप. चढ लवकर चढेल, हे खरे. पण नव्या ट्रॅक्टरचे वजन जवळपास तेवढेच असेल, तर टायरची पकड तेवढीच राहते आणि थांबायचे अंतरही. उलट जोर वाढला म्हणून आणखी दोन टन चढवले, तर आधीपेक्षा वाईट. मोठा ट्रॅक्टर घ्यावाच, पण आधी त्याचे वजन विचारावे, ब्रेक विचारावेत आणि कंपनीच्या पुस्तकात किती ओझे ओढायला सांगितले आहे ते वाचावे. ते पुस्तक बहुधा घरात देवाच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेले असते.

आता पुढची चाके उचलण्याची गोष्ट. चढाला ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहिला की आजूबाजूचे मोबाइल काढतात आणि ड्रायव्हरची वाहवा होते. ट्रॅक्टरची ताकद दिसली म्हणे! दिसतो तो उलटण्याचा पहिला टप्पा. मागची चाके अडली की इंजिनाचा जोर चाकांऐवजी ट्रॅक्टरच्या धडालाच एक्सलभोवती फिरवायला लागतो. त्यात हूक वर बसवलेला असेल, तर ट्रॉलीची ओढही त्याला मागेच खेचते. हूक वर घेतल्याने मागच्या चाकांना पकड जास्त मिळते, हा ट्रॅक्टरवाल्यांचा अनुभव खरा आहे. मात्र ती पकड पुढच्या चाकांवरचे वजन काढूनच मिळते. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा भाग पुढच्या चाकांवर हवा, नाहीतर स्टिअरिंग फिरते आणि ट्रॅक्टर सरळच जातो. पूर्ण उलटायला एक-दीड सेकंद पुरतो. क्लच दाबायचे सुचेपर्यंत तो संपलेला असतो. पुढे बंपरवर दगड बांधणे किंवा दोन माणसे बसवणे हा यावरचा उपाय नाही. कंपनीची वजने लावली तर चाके खाली राहतील, पण थांबायला त्यांची फारशी मदत नाही. माणसे बसवली तर पडल्यावर ती चाकाखालीच जातील.

उताराला न्यूट्रल करून डिझेल वाचवणे, हा या सगळ्यांतला सर्वांत जीवघेणा समज आहे आणि त्यात बचतही होत नाही. गाडी गिअरमध्ये असेल आणि उतार चाकांना फिरवत असेल, तर पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. शिवाय गिअरमधले इंजिन चाकांना मागे धरते, तो आधार सुटतो. मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतो आणि पकड सोडतो. एकदा वेग चढला की गिअर पुन्हा पडत नाही, नुसता करकरतो. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचे आणि तो उताराच्या तोंडाशीच टाकायचा. मध्येच क्लच दाबून गिअर बदलणे म्हणजेही काही क्षण न्यूट्रल.

ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, ते शेतात जागच्या जागी वळण्यासाठी. रस्त्यावर येताना दोन्ही जोडणारी पट्टी लावायची असते. ती कित्येक ट्रॅक्टरवर गंजून बसलेली असते. एकाच पेडलवर पाय पडला तर एकच चाक अडते आणि मागून ट्रॉल्या ढकलत असतात.

हे सारे ड्रायव्हरच्या अडाणीपणावर ढकलणे सोपे आहे. मला ते पटत नाही. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. ट्रॅक्टरचा हप्ता असतो, ऊसतोडणी टोळीला दिलेली उचल असते आणि कारखान्याच्या काट्यावर एका खेपेत जितके टन भरतील तेवढे बरे. ब्रेकवाली ट्रॉली महाग पडते आणि त्या ब्रेकचे टनामागे कोणी काही देत नाही. “शेतीचे वाहन, त्याला कोण विचारतो?” हा समज मात्र सोडावा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रॉलीची नोंदणी वेगळी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेपेक्षा जास्त भार नेला तर २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे, जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

शेवटचा समज पाहणाऱ्यांचा: इतकी हळू जाणारी गाडी कोणाचे काय वाकडे करणार? रात्री ताशी ६० ने येणारा मोटरसायकलवाला ताशी २० च्या ट्रॉलीकडे सेकंदाला ११ मीटरने जवळ येत असतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला, आणि काळोखात ऊस काळाच दिसतो. तीस मीटरवर तो दिसला, तर हातात तीन सेकंदही उरत नाहीत. टायर फुटून भर रस्त्यात उभी राहिलेली ट्रॉली तर त्याहून वाईट. तिच्या चाकांना उटी म्हणून मोठे दगड लावतात. टायर बदलून होतो, ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडतो, रिकामी ट्रॉली पहाटे त्याच रस्त्याने गावी परतते, आणि दगड तिथेच असतात.