शेवाळ, धातू आणि नदीचा हिशेब

शेवाळ म्हटले की आपल्या मनात पहिला विचार येतो तो पाय घसरण्याचा. घाटाच्या पायरीवर, आडाच्या भिंतीवर, पावसाळ्यात मोरीच्या कडेला ते धरते. घासून काढावे आणि मोकळे व्हावे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. परंतु गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनी याच शेवाळाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले आहे. खाणींच्या आणि कारखान्यांच्या पाण्याबरोबर नद्यांत शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे असे धातू येतात. ते पाण्यातून वेचून काढण्याचे काम शेवाळ करू शकते, असे त्यांना आढळले. हे कसे घडते, कोठवर घडते आणि त्यातून आपण काय घ्यावयाचे, याचा विचार येथे करू. आम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. जे शिकलो ते रात्री पुस्तके मागून आणून शिकलो. त्यामुळे अवघड परिभाषा आम्हांस येत नाही, आणि श्रोत्यांचेही तिच्यावाचून अडणार नाही.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. गावाचे सांडपाणी नदीत आले तर त्यातील घाण जंतू खातात, आणि प्रवाहाला पुरेसा वेळ मिळाला तर नदी काही अंतरावर सावरते. धातूचे तसे नाही. शिसे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळत नाही, कोणी खाऊन संपवीत नाही. ते फक्त जागा बदलते : पाण्यातून गाळात, गाळातून पिकात, पिकातून माणसाच्या हाडांत. आपल्या देशाच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम याहून अधिक असता कामा नये. मर्यादा इतकी बारीक का, हे जपानातील जिंझू नदीने दाखविले आहे. वरच्या अंगाच्या खाणीतील कॅडमियम नदीतून भातशेतीत उतरले, आणि भात खाणाऱ्या बायकांची हाडे इतकी ठिसूळ झाली की, कण्हणे हेच त्या रोगाचे नाव पडले. १९६८ साली तेथील सरकारने या रोगाचे मूळ कॅडमियममध्ये आहे हे मान्य केले.

आता शेवाळ काय करते ते पाहू. शेवाळाच्या पेशीची भिंत ज्या द्रव्यांची असते त्यांवर ऋण विद्युत्भाराच्या असंख्य जागा असतात. पाण्यात विरघळलेले बहुतेक धातू धन भाराचे असतात, म्हणून ते त्या जागांकडे ओढले जातात. अर्थात त्या जागा रिकाम्या नसतात; तेथे आधीच सोडियम, कॅल्शियम असे साधे धातू बसलेले असतात. शिसे किंवा कॅडमियम आले की ते त्यांना उठवून आपण बसते. एस. टी.च्या बाकावरील सडपातळ उतारूला सरकवून एखादा दांडगा गडी बसावा, तसाच हा प्रकार. तपकिरी रंगाचे सागरी शेवाळ या कामी विशेष तरबेज आहे, कारण त्याच्या अंगी अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ भरपूर असतो. कापडगिरण्यांच्या छपाई खात्यात ज्यांनी काम केले आहे त्यांना अल्जिनेट परके नाही. रंगाची खळ दाट करण्यासाठी ते वापरतात. आणि हे तपकिरी शेवाळ आपल्या कोकणच्या खडकांवरही उगवते. सर्गासम हे त्याचे शास्त्रीय नाव.

यातील नवलाची गोष्ट अशी की, शेवाळ जिवंत असण्याचीही गरज नाही. वाळवून भरडलेले मेलेले शेवाळही धातू धरते, आणि पुष्कळदा जिवंताहून चांगले धरते. कारण मेलेल्याला विषाची भीती नाही आणि खाणेपिणेही नको. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल वोलेस्की यांनी १९८० नंतरच्या काळात या विषयावर मोठे काम केले. नळकांड्यात कोरडे शेवाळ भरावे, त्यातून गढूळ नसलेले सांडपाणी सावकाश सोडावे. धातू आत अडकतो, पाणी पुढे जाते. शेवाळ भरले म्हणजे सौम्य आम्लाने धुवावे. आम्ल धातूला उठवते, धातू थोड्याशा पाण्यात गोळा होतो, आणि तेच शेवाळ पुन्हा काही वेळा वापरता येते.

हिशेब मांडून पाहू. प्रयोगशाळेत, सर्व स्थिती अनुकूल असता, एक ग्रॅम कोरडे सर्गासम शंभर मिलिग्रॅमच्या आसपास कॅडमियम धरते. म्हणजे किलोला शंभर ग्रॅम. सांडपाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम कॅडमियम असेल तर शंभर ग्रॅम होण्यास एक लाख लिटर पाणी लागेल. एका किलोत एक लाख लिटर! पण हा कागदावरचा हिशेब झाला. पाण्यात धातू जितका विरळ, तितका शेवाळाचा हात आखूड पडतो. पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम जागा अडवते. पाणी आंबट असेल तर आम्लच धातूला उठवते. शिवाय सर्व धातूंचा स्वभाव एक नाही. मुलामा देण्याच्या कामातील क्रोमियमचा जहाल प्रकार पाण्यात ऋण भाराचा असतो, त्यामुळे साध्या पाण्यात शेवाळ त्याला धरीत नाही. पाणी मुद्दाम आंबट केले तरच तो चिकटतो आणि हळूहळू सौम्य प्रकारात बदलतो. तात्पर्य, ज्या पाण्याची नीट तपासणी झालेली नाही त्यात शेवाळ सोडणे म्हणजे रोग न पाहता औषध देणे होय.

जिवंत शेवाळाचा मार्ग वेगळा आहे, आणि त्याचा एक चांगला दाखला इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये सापडतो. पितळेच्या भांड्यांना ज्याची कल्हई करतात ते कथील तेथील खाणींतून शतकानुशतके निघत असे. व्हील जेन नावाची अशी एक खाण १९९१ साली बंद झाली. कामगार घरी गेले, आणि खाणीतील पाणी उपसणारे पंपही थांबले. खाणीतील गंधकयुक्त खनिजे हवापाण्याच्या संयोगाने गंधकाचे आम्ल तयार करतात आणि ते आम्ल खडकातील धातू विरघळवते. असे पाणी आत चढत राहिले. जानेवारी १९९२ मध्ये ते फुटून बाहेर पडले. लोह, जस्त, कॅडमियम, आर्सेनिक यांनी भरलेले कोट्यवधी लिटर पाणी कार्नन नदीत शिरले आणि फाल नदीच्या खाडीपर्यंत नारिंगी झाली.

पुढे तेथे एक प्रायोगिक योजना उभारली. पाणी प्रथम बोरूसारख्या गवताच्या दलदलीतून नेले. तेथे लोह गंजाच्या रूपाने खाली बसे. नंतर हवा नसलेल्या हौदांत जंतूंकरवी जस्त अडविले जाई. राहिला मँगनीज, त्याच्यासाठी उथळ पाण्यात दगड पसरून त्यांवर शेवाळ वाढू दिले. शेवाळ उन्हात पाण्यातील कर्बवायू शोषून घेते, त्यामुळे पाण्याचा आंबटपणा कमी होतो आणि मँगनीज काळ्या पुटाच्या रूपाने दगडांवर बसतो. येथे शेवाळ धातू नुसता धरीत नाही, पाण्याचा गुणच पालटते. मात्र ऊन नसेल तेव्हा, रात्री आणि हिवाळ्यात, हे काम मंदावते. शिवाय खाणीतून येणारे पाणी प्रचंड, आणि अशा संथ रीतीला जमीन फार लागते. अखेर २००० साली तेथे चुना घालून धातू खाली बसविणारा मोठा कारखानाच उभा करावा लागला. शेवाळाची परीक्षा झाली, ते काही अंशी उतरलेही. पण सगळा भार त्याला पेलला नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. शेवाळ हा हमाल आहे, मांत्रिक नव्हे. तो ओझे उचलतो, नाहीसे करीत नाही. उचललेले ओझे कोठे उतरवायचे, हे आधी ठरले पाहिजे. नदीतच शेवाळ सोडून स्वस्थ बसले तर ते शेवाळ मासे खातील, मासे माणसे खातील, आणि पाण्यातून काढलेला धातू ताटात येईल. जपानातीलच मिनामाता गावी कारखान्यातून खाडीत जाणारा पारा अशाच पायऱ्यांनी मासळीतून कोळ्यांच्या घरांत पोचला. १९५६ साली रोग उघड झाला. पारा सोडणे थांबले ते १९६८ साली. म्हणून शेवाळाची जागा नदीत नाही. ती कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी आहे, जेथे पाणी थोडे, धातू दाट आणि मालक ठाऊक आहे. भरलेल्या शेवाळाची वासलात लावण्याचे काम आणि खर्चही त्याच मालकाचा.

हे कोणी मागावयाचे? नदीकाठच्या नागरिकांनी तर मागावेच. परंतु आमच्या मते पहिला हक्क आणि पहिले कर्तव्य कामगाराचे आहे. नदीत जाणारा प्रत्येक धातू आधी त्याच्या हातातून आणि नाकातून गेलेला असतो. क्रोमच्या हौदावर वर्षे काढलेल्या आणि नाकाच्या पडद्याला भोक पडलेल्या माणसांशी आम्ही बोललो आहोत. नदीचे दुखणे त्यांना अहवाल वाचून समजावे लागत नाही. पण कारखाना बंद पडेल, पोट जाईल, ही भीती तोंड बांधते. मिनामातात तेच झाले. आणि तेथेच, ऑगस्ट १९६८ मध्ये, त्या कारखान्यातील एका कामगार संघटनेने ठराव करून जाहीर केले की, इतकी वर्षे आपण या रोग्यांच्या बाजूने लढलो नाही याची आपल्याला लाज वाटते. कामगार चळवळीच्या इतिहासात इतका प्रांजळ ठराव आम्ही दुसरा वाचलेला नाही. तो बारा वर्षे आधी झाला असता, तर किती घरे वाचली असती!

आपल्याकडे १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याच्या कारखान्यांतील सुरक्षा समितीत कामगारांचा प्रतिनिधी असावा, वापरातील द्रव्यांची माहिती कामगारांस मिळावी, ही तत्त्वे कायद्यात आली. त्या समितीत बसणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत. सांडपाण्यात कोणता धातू किती जातो? तो नळापाशीच अडविण्याची सोय कोणती? अडविलेला धातू कोठे जातो? आणि तो हाताळणाऱ्या माणसाला हातमोजे, मुखवटा आणि वैद्यकीय तपासणी मिळते काय? या चारांची उत्तरे नीट मिळाली, तर शेवाळ उपयोगी पडेल, चुनाही उपयोगी पडेल. ती मिळाली नाहीत, तर कोणतीही हिरवी वनस्पती नदीला वाचविणार नाही.